केनवडच्या बाजारात झालेली साक्ष

मित्रांनो, मी एक जुना साक्षीचा पिंजरा आहे. पिंजरा म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे पोपट येईल, नाहीतर सर्कशीतला वाघ. माझ्यात मात्र माणसे उभी राहत. कोर्टात साक्षीदार ज्या लाकडी कठड्यामागे उभा राहून आपले म्हणणे सांगतो, त्याला साक्षीचा पिंजरा म्हणतात. मी तसाच आहे. पण खऱ्या कोर्टाची पायरी मी कधीच चढलो नाही. मी वाशिमच्या एका कॉलेजचा.

माझा जन्म १९५५ सालचा. त्या कॉलेजात किसनसिंग ठाकूर नावाचे प्राध्यापक नागरिकशास्त्र शिकवत. उंच, सडपातळ, बोलताना चष्मा हातात घेण्याची सवय. पूर्वी काही वर्षे त्यांनी वकिली केली होती. तेव्हा दिल्लीत एकामागून एक नवे कायदे होत होते. अस्पृश्यतेविरुद्ध, लग्नाविषयी, वारसाविषयी. गावोगावच्या माणसांना त्यांची वार्ताही नसे. ठाकूर सर प्राचार्यांना म्हणाले, "कायदा पुस्तकात राहतो आणि माणसं बाजारात भेटतात. मग पुस्तक बाजारात न्यायला नको का?"

त्यातून 'कायदा आणि समाज' हा कार्यक्रम निघाला. महिन्यातून एकदा, एखाद्या गावच्या बाजाराच्या दिवशी, विद्यार्थ्यांनी उघड्यावर एक खोटा खटला उभा करायचा. न्यायाधीश खोटा, वकील खोटे, फिर्यादीही खोटा. कायदा तेवढा खरा. आणि खटल्याला पिंजरा हवा, म्हणून लखीराम सुताराला बोलावणे गेले.

कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंग फॅक्टरीचे एक जुने सागवानी दार मोडीत निघाले होते. त्याच्यातून लखीरामने मला घडवले. तीन बाजूंना कठडा, मागून उघडा, चढायला एक पायरी. सगळे भाग खुंट्यांनी जोडलेले, म्हणजे खुंट्या काढल्या की मी घडी होऊन बैलगाडीत मावत असे. माप घेताना लखीराम अडला. सरांना म्हणाला, "भाच्याच्या खटल्यात मी साक्षीले गेलतो, सर. कठडा असा छातीवरी आला का जसं कोनं बांधूनच टाकलं. जे ठाव व्हतं तेबी इसरलो. हा मी कमरेवरी करतो. मानसाले हात ठेवाले जागा पायजे."

"कर बाबा," सर म्हणाले. "तुझ्याइतकं मला त्यातलं कळत नाही."

म्हणून मी इतर पिंजऱ्यांपेक्षा बुटका आहे. मला त्याचा अभिमान आहे.

ठाकूर सरांनी एक पद्धत घातली होती. विद्यार्थ्यांचा खटला संपला, दोन्ही वकिलांची भाषणे झाली, की न्यायाधीश होऊन बसलेले सर लगेच निकाल देत नसत. ते उठून विचारत, "जमलेल्यांपैकी कोणाला काही सांगायचं आहे का? या, इथे उभे राहा आणि सांगा." पहिले सहा-सात महिने कोणी आले नाही. लोक हसत, एकमेकांना ढकलत. मग अनसिंगच्या बाजारात खेमा नावाचा एक म्हातारा चढला आणि कोंडवाड्यात अडकलेल्या आपल्या म्हशीची कैफियत सांगू लागला. त्या दिवशीचा खटला विहिरीवर पाणी भरू न देण्याचा होता. म्हशीचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. लोक पोट धरधरून हसले. सर हसले नाहीत. त्यांनी म्हशीचा रंग, शिंगे, अडकल्याचा वार, सगळे वहीत उतरवून घेतले आणि शेवटी "आणखी काही?" असे विचारले. खेमा खाली उतरला तेव्हा गर्दीचे हसणे थांबले होते. पुढच्या गावापासून माझ्यात दर वेळी कोणी ना कोणी चढू लागले.

आता मी तुम्हाला केनवडची गोष्ट सांगतो. माझ्या आयुष्यात तिच्याएवढी मोठी गोष्ट दुसरी नाही.

१९५७ चा माघ महिना होता. सरकी नेणाऱ्या एका ट्रकवर बसून आम्ही केनवडला पोचलो. शाळेपुढच्या पटांगणात मला उभे केले. दुपारची वेळ, बाजार ऐन भरात, दोन-अडीचशे माणसे जमली. बायका शाळेच्या भिंतीलगत टोपल्या घेऊन उभ्या राहिल्या. त्यांचे सगळे लक्ष बेबीकडे होते. बेबी ही एका कंपाउंडरची मुलगी, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षात शिकणारी. सरांचा जुना काळा कोट बाह्या दुमडून घालायची आणि वकील व्हायची. "पोरगी वकील हाये वो!" असे म्हणत लोक मागच्यांना पुढे बोलावत.

त्या दिवशीचा खटला वारसाचा होता. मागच्याच वर्षी कायदा झाला होता की बापाने स्वतःच्या कमाईने घेतलेल्या जमिनीत मुलीला मुलाइतकाच वाटा. खोट्या खटल्यातली खोटी बहीण आपला वाटा मागत होती. बेबी तिच्या बाजूने बोलली. हरिसिंग नावाचा विद्यार्थी भावाच्या बाजूने बोलला, आणि फार ठसक्यात बोलला. "लेकीला लग्नात दिलं ते काय कमी? आता शेताचेही तुकडे करायचे?" पुरुषांनी टाळ्या वाजवल्या.

मग सर उठले आणि नेहमीप्रमाणे विचारले.

भिंतीजवळून एक बाई निघाली. चाळिशीच्या आतली, कपाळ मोकळे, डोक्यावर पदर. मिरच्यांची टोपली तिने शेजारणीपाशी ठेवली आणि सरळ माझ्यात येऊन उभी राहिली. तिचे दोन्ही हात माझ्या कठड्यावर टेकले. तळव्यांना मिरच्यांचा वास होता.

"नाव?" सरांनी विचारले.

"गोजराबाई. जगदेवची लेक." ती थांबली. "मी नाटकातली नाई, सायेब. मी खरी हाये."

 सरांनी चष्मा काढून हातात घेतला. "बाई, हे कोर्ट खोटं आहे. इथला निकाल कुठेच चालत नाही. हे तुम्हाला माहीत आहे ना?"

"ठाव हाये. पन खऱ्या कोर्टात मले कोन उभं करते? इथं येऊ देता तं बोलून पायते."

आणि ती बोलली. लग्नानंतर तीन वर्षांत नवरा वारला. ती माहेरी परतली आणि वीस वर्षे बापाच्या बरोबरीने शेतात राबली. आई आधीच गेली होती. धाकटा भाऊ रामकिसन वाशिमला जिनिंग फॅक्टरीत कामाला होता. मागच्या दिवाळीत बाप गेला, तसा भाऊ गावी आला. गावातल्या चार मोठ्या माणसांनी त्याला सांगितले की शेत एकट्याच्या नावावर चढवून घे, लेकीला वाटा नसतो.

"भाऊ वाईट नाई," गोजराबाई म्हणाली. "जेवाले देते, लुगडं देते. पन मी त्याच शेतात आता मजुरावानी जाते. बांधावर उभी राह्यली का वाटते, हे माहं नाई. आन वाटा मागतला तं माहेर तुटते. तं मी काय करू, ते सांगा."

गर्दीतून एक जाडजूड आवाज आला, "अवो, खाली उतर! सख्ख्या भावाले बाजारात उभं करून राह्यली, लाज नाई वाटत?" आणखी दोघांनी री ओढली. हरिसिंगचा ठसका केव्हाच गेला होता. तो भावाचा वकील होता, त्याला प्रश्न विचारणे भाग होते. त्याने हळू आवाजात विचारले, "मावशी, हे शेत तुमच्या आजोबांचं, की वडिलांनी घेतलेलं?"

"बापानं घेतलं."

"खोटं!" तोच आवाज पुन्हा ओरडला. "आज्यापासूनचं हाये. सारं गाव सांगते!"

मित्रांनो, सगळे त्याच एका गोष्टीवर येऊन थांबले होते. आजोबांचे असेल तर कायद्याचा हिशेब वेगळा होता. बापाच्या कमाईचे असेल तर अर्धे शेत गोजराबाईचे. आणि ते खात्रीने सांगू शकेल असा माणूस एकच होता. लोकांनी वळून पाहिले. बैलबाजाराच्या बाजूला, कडुलिंबाखाली, रामकिसन उभा होता. तिशीचा, डोक्याला पांढरे पागोटे. त्याने सगळे ऐकले होते.

तो माणसांतून वाट काढत आला. गोजराबाई घाईघाईने खाली उतरली आणि बाजूला झाली. एकमेकांकडे त्यांनी पाहिले नाही. रामकिसन पायरी चढून माझ्यात उभा राहिला.

ठाकूर सर म्हणाले, "रामकिसनभाऊ, इथे शपथ नाही. तुम्ही काहीही बोललात तरी तुम्हाला कोणी शिक्षा करणार नाही. नुसतं परत जायचं असेल तरी जा. कोणी अडवणार नाही."

रामकिसनने माझा कठडा घट्ट धरला. त्याच्या हातांचा घाम माझ्या लाकडाला लागला.  खोटे बोलणे किती सोपे होते! गाव त्याच्या बाजूने होते. कागद कोणी मागत नव्हते. एक शब्द बोलून तो खाली उतरला असता आणि लोकांनी त्याला खांद्यावर घेतले असते.

"शेत बापानं घेतलं," तो म्हणाला. "मी तवा पाळन्यात व्हतो. बाई, माही थोरली बहीन, आठ-नऊ वर्साची व्हती. बापासंगं तिनं त्या रानातले दगडं येचले. हे बापच सांगे मले, दरसाली पेरनीच्या टायमाले." त्याने पागोटे सारखे केले. "लोकाईनं म्हनलं, आज्याचं हाये म्हन. म्या म्हनलं. घरात म्हनता येत व्हतं. इथं बाईच्या पुढं नाई म्हनवत."

एवढे बोलून तो उतरला आणि कोणाकडे न पाहता बाजारातून निघून गेला. गोजराबाईने टोपली उचलली आणि तीही गेली, दुसऱ्या वाटेने.

सरांनी निकाल दिला नाही. ते म्हणाले, "आजचा निकाल देण्याचा आम्हाला अधिकार नाही." मग त्यांनी वही मिटली आणि सगळ्यांना हात जोडले.

 परतीच्या ट्रकमध्ये बेबी कोट मांडीवर घेऊन बसली होती. रिसोडच्या पुढे आल्यावर तिने विचारले, "सर, आपण त्यांचं माहेर तोडलं का?"

"मला ठाऊक नाही," सर म्हणाले. मी त्यांना इतके खचलेले पूर्वी पाहिले नव्हते. पुढच्या महिन्यात कार्यक्रम झाला नाही. त्याच्या पुढच्या महिन्यातही नाही.

वैशाखात एके सकाळी कॉलेजच्या आवारात मोठमोठ्याने भांडण ऐकू आले. मी व्हरांड्यात उभा होतो. पाहतो तो रामकिसन आणि गोजराबाई! दोघे उन्हातून आले होते आणि तावातावाने बोलत होते.

"विहीर तुह्याकडं, तं आंब्याचं झाड माह्याकडं," रामकिसन म्हणत होता.

"काहून? झाड म्या लावलं!"

"पानी तं म्याच घातलं ना, बाई!"

"दोन साल घातलं तुनं. मंग पळाला वाशिमले!"

सर बाहेर आले. रामकिसनने त्यांना रामराम केला. "सर, तलाठ्याले द्याचा अर्ज लिहून पायजे. शेत दोघाईच्या नावावर. तिनं चूल येगळी मांडली, माह्या संगं दोन महिने बोलनं टाकलं व्हतं, आन म्या तिच्या संगं. शेवटी माहं पोरगं म्हने, आत्याच्या हातची भाकर पायजे. मंग म्या म्हनलं, जाऊ दे, चाल, लिहूनच टाकू." मग आवाज खाली आणून म्हणाला, "झाडाचं तेवढं तुमीच सांगा."

अर्ज बेबीने लिहिला. रामकिसनने सही केली, गोजराबाईने अंगठा दिला. आंब्याच्या झाडाचा निकाल द्यायला मात्र सरांनी साफ नकार दिला. दोघे बहीण-भाऊ भांडतच फाटकाबाहेर गेले. बेबी हसत होती आणि डोळे पुसत होती. दुसऱ्याच आठवड्यात आमचा कार्यक्रम पुन्हा सुरू झाला, आसेगावला.

अशी आणखी दोन वर्षे गेली. मग ठाकूर सरांची दुसऱ्या गावी नेमणूक झाली. त्यांच्यामागे खटला उभा करणारे कोणी राहिले नाही. व्याख्याने होत राहिली, पण ती सभागृहात, खुर्च्या मांडून. आणि ती संपली की आभार मानून सगळे घरी जात. मला कोठीच्या खोलीत ठेवले. माझ्यात हॉकीच्या काठ्या रचल्या. शिपाई माझ्या पायरीवर चढून घड्याळाला किल्ली देत असे. एका पावसाळ्यात माझ्या डाव्या पायाला वाळवी लागली. दोन खुंट्या हरवल्या आहेत, त्यामुळे मी आता नीट उभा राहत नाही, थोडा कलतो.

मी कोणावर रागावलेलो नाही. ज्या माणसांनी मला बनवले आणि वापरले, ती फार मोठ्या मनाची होती. त्यांची आठवण माझ्या लाकडात आहे, तेवढी मला पुरते. तरी एक मागणे आहे. मुलांनो, जुन्या वस्तूंवर थोडे तेल घाला, त्यांना कोरड्या जागी ठेवा, वाळवी दिसली तर झाडा. आणि ते जमले नाही तरी हे एवढे कराच. तुमच्या घरात, शेजारी, वर्गात कोणी पुष्कळ दिवस गप्प असेल, तर त्याच्याजवळ जाऊन त्याला काय सांगायचे आहे ते विचारा. विचारून लगेच निघून जाऊ नका. गप्प राहिलेल्या माणसाला पहिला शब्द फार जड जातो. तो येईपर्यंत तिथेच थांबा.