रोजचं बघणं

सिस्टरांचं पत्र आलं तेव्हा माझी पत्नी जाऊन पाच आठवडे झाले होते. सिस्टरांना ते ठाऊक नव्हतं. त्यांची बदली दूरच्या रुग्णालयात झाली होती आणि तिथून त्यांनी गोल, घाईच्या अक्षरात लिहिलं होतं :

‘काका, काकू आता किती वेळ बसतात? इथे माझ्याकडे एक बाई आहेत. काकूंसारखीच चाकाची खुर्ची, तशीच खोल जखम. महिनोन् महिने पालथं झोपायचं म्हटलं की रडतात. मी त्यांना काकूंची गोष्ट सांगते. काकूंच्या हातच्या चार ओळी पाठवा, वाचून दाखवीन.’

मी पत्राची घडी घातली आणि सहा वर्षं उत्तर दिलं नाही. खरं लिहिलं तर त्या बाईंचा धीर जाणार होता. खोटं लिहायला बसलो, तर ‘काकू मजेत आहेत’च्या पुढे हात सरकेना. चौतीस वर्षं ग्रंथालयात काढलेल्या माणसाला, लिहायला सुचत नाही, असं म्हणायचीही सोय नव्हती.

सिस्टर पहिल्यांदा घरी आल्या त्या दिवशी मी खोलीबाहेर जाऊन उभा राहिलो होतो.

“काका, पळालात कुठे? आत या.”

“तुमचं आटपू द्या. मी आहे इथे.”

“माझं आटपेल हो. पण मी दिवसाआड येणार. मधल्या दिवशी कोण करणार, शेजारी?”

ही उशीत तोंड खुपसून पालथी पडली होती. तिथूनच म्हणाली, “राहू द्या त्यांना, सिस्टर. अडतीस वर्षं दिवा मालवून संसार केलाय त्यांनी.”

“मग आता लावून करा,” असं म्हणून सिस्टरांनी टेबलावरचा दिवा उचलून माझ्या हातात दिला.

बैठकीच्या डाव्या हाडावर, सतत बसून पडलेल्या जखमेचं कोटाच्या बटणाएवढं तोंड दिसत होतं. सिस्टरांनी कापूस लावलेली काडी हलक्या हातानं आत घातली. ती जातच राहिली. मग कुठेतरी अडली.

“हाड लागतंय,” त्या पुटपुटल्या.

हिला काही कळलं नाही. तीन वर्षांपूर्वी मणक्यातली गाठ काढली, तेव्हापासून कंबरेखाली हिला काहीच कळत नव्हतं.

मेलेला काळा भाग डॉक्टरांनी आधीच कापून काढला होता. आता काम आमचं होतं. मिठाच्या पाण्यानं धुवायचं, जाळीच्या कापडाची पट्टी ओली करून पोकळीत सोडायची, दर दोन तासांनी कूस बदलायची. बसायचं मात्र अजिबात नाही.

“ठासू नका काका! उशीत कापूस भरताय का? पोकळी नुसती धरून ठेवायची.”

“पण तोंड लहान होत चाललंय. हे चांगलंच नाही का?”

“तोंड आधी मिटलं की फसलो. जखम तळापासून वर भरत यायला हवी. नाहीतर माझ्या सासूबाईंसारखं. वरून गोड, आत पोकळ.”

ही इतकी हसली की पट्टी बाहेर आली.

दुपारी मी जमिनीवर बसून हिला वाचून दाखवायचो. पालथं पडल्यापडल्या तिला माझं तोंड तेवढं दिसायचं. मध्येच म्हणायची, “यातली नायिका तरी कधी बसते का हो? की तीही आपली पालथीच?”

धुताना ती रोज विचारायची, “आज कशी आहे?”

“तळाला लाल आहे. ओलसर. बारीक दाणे दिसतायत, डाळिंबासारखे.”

“माझं इतकं बारकाईनं वर्णन कधी केलं नव्हतंत.”

मी मान खाली घालायचो. पण खरं सांगतो, त्या सात महिन्यांत मी तिला जितकं पाहिलं तितकं आधी कधी पाहिलं नव्हतं. तिच्या पाठीवर तीन तीळ आहेत हे मला सहासष्टाव्या वर्षी कळलं.

आठव्या महिन्यात जखम भरली, तळापासून भरली. पहिल्या दिवशी ही पंधरा मिनिटं खुर्चीत बसली, खिडकीतून रस्ता पाहिला आणि समोरच्या दुकानाची पाटी बदलली म्हणून माझ्यावर रागावली. मी तिला ते सांगितलं नव्हतं.

बदलीवर जाण्याआधी सिस्टर येऊन गेल्या. हिच्यासमोरच मला म्हणाल्या, “ही कातडी नवी आहे. जुनीइतकी भक्कम ती कधीच होणार नाही. रोज बसून झालं की दिवा लावायचा, बघायचं. लाली दिसली तर बोट दाबायचं, जागा पांढरी पडते का बघायचं. अर्ध्या तासात लाली गेली तर ठीक. राहिली तर बसणं बंद आणि डॉक्टरांना फोन. बरी झाली म्हणून बघणं संपलं नाही काका. आता ते जन्मभराचं.”

“बघतील ते,” ही म्हणाली. “आता सवय झालीय त्यांना.”

महिनाभर मी बघितलं. मग एका संध्याकाळी मी चादर बाजूला केली, तर तिनं ती हातानं धरली.

“पुरे हो आता. जखम होती तेव्हा गोष्ट वेगळी. आता नुसतं काय बघायचं?”

ती लाजली होती. मीही लाजलो. जखमेकडे बघायला मी शिकलो होतो, पण बायकोकडे बघायला नाही. मी हट्ट करायला हवा होता. त्याऐवजी मला सुटल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवसापासून मी चादरीचं टोक उचलायचो, भिंतीकडे बघायचो आणि म्हणायचो, “ठीक आहे.”

“बरं,” ती म्हणायची.

असे तीन आठवडे गेले. मग तिला ताप भरला. मी चादर काढली तेव्हा दिव्याची गरजच उरली नव्हती. वासच आला.

डॉक्टर म्हणाले, विष रक्तात गेलंय. हेही म्हणाले की कधीकधी बघूनही असं होतं. मी बघितलं नव्हतं, हे त्यांना मी सांगितलं नाही.

रुग्णालयात आठव्या दिवशी तिनं विचारलं, “कशी आहे?”

जागा काळी पडली होती.

“लाल आहे,” मी म्हटलं. “दाणे दिसतायत.”

तिनं बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. “तुम्हाला खोटं बोलता येत नाही,” ती म्हणाली आणि माझा हात धरला. तीन आठवड्यांचे माझे सगळे ‘ठीक आहे’ तिनं खरे मानले होते. दुसऱ्या दिवशी ती गेली.

गेल्या आठवड्यात तळमजल्यावरचे शिंपी वर आले. त्यांची आई पडून कंबरेखाली लुळी झाली आणि नुकतीच खुर्चीसकट घरी आली होती. ते दारातच उभे राहिले, गळ्यात टेप तसाच.

“तुम्ही काकूंचं सगळं केलंत म्हणे. एक विचारू का? डॉक्टर सांगतात, रोज बघायचं.” ते चपलेनं पायपुसणं सरळ करत राहिले. “आईला कसं बघायचं हो? तीही नको म्हणते. बायको माहेरी अडकलीय. आठवड्यातून एकदा चालेल ना?”

“नाही.”

माझा आवाज मलाच मोठा वाटला.

“दिवा लावा आणि बघा. त्या नको म्हणतील, रागावतील, तरी बघा. मी लाजलो. तीन आठवडे मी न बघता ठीक आहे म्हटलं आणि माझी बायको गेली.”

हे मी कुणाला पहिल्यांदाच सांगत होतो. शिंप्यांनी गळ्यातला टेप काढून खिशात घातला आणि विचारलं, “आज येता खाली? पहिल्यांदा दाखवायला?”

मी गेलो. म्हातारीनं आम्हा दोघांनाही मनसोक्त शिव्या दिल्या. उजव्या हाडावर लाली होती. मी शिंप्यांचं बोट धरून तिथे दाबायला लावलं. वीस मिनिटांनी पुन्हा पाहिलं. लाली गेली होती.

घरी येऊन पत्र लिहायला घेतलं. पाच कागद फाडले. सहाव्यावर एवढंच राहिलं :

‘सिस्टर, उत्तराला सहा वर्षं लागली. काकू तुमचं पत्र यायच्या आधीच गेल्या. तुम्ही भरून दिलेली जखम नीट भरली होती. नंतर मी लाजेपोटी बघायचं सोडलं. त्या बाईंना माझ्यामुळे चार ओळी मिळाल्या नाहीत, याची क्षमा मागतो. आता तुम्ही ज्यांच्याकडे जाता, त्यांच्या घरातल्या माणसांना माझी गोष्ट सांगा. काकूंची सांगता तशी. खुर्चीत बसल्या त्या दिवशी काकू खूप बोलल्या.’

सिस्टर अजून तिथेच असतील की निवृत्त झाल्या असतील, मला ठाऊक नाही. पाकिटाच्या मागे मी माझा पूर्ण पत्ता लिहिला, मजल्यासकट. त्यांना रागवायचं असेल तर कुठे रागवायचं ते कळायला हवं. मग खाली उतरलो आणि पाकीट पेटीत टाकलं.