हंगामाच्या सणाला मी आरवलो

मी गंजाडचा कोंबडा. अंग तांबडं, शेपूट काळी, आणि तुरा असा की वाटेनं जाणारा माणूस वळून बघतो. स्वतःची स्तुती स्वतः करू नये म्हणतात, पण कोंबड्यानंही ती सोडली तर त्याच्याकडे उरलं काय?

२०१७ च्या उन्हाळ्यात मी शुक्राच्या घरी अंड्यातून बाहेर आलो. बरोबर दहा भावंडं होती. काही घारीनं नेली, काही मुंगसानं. मी वाचलो तो भारतीमुळे. भारती म्हणजे शुक्राची आठ वर्षांची मुलगी. मला फ्रॉकमध्ये गुंडाळून ती पाड्यावर मिरवायची. माझा स्वभाव थोडा चढेल झाला, त्याचं कारण हेच असावं.

शुक्रा आणि त्याची बायको हिरी तीन वर्षांपासून ख्रिस्ती मंडळीत प्रार्थनेला जात होते. अंगणापलीकडे शुक्राचा थोरला भाऊ लाहू राहायचा. त्याचे देव जुनेच राहिले. दोघांत भांडण कधी झालं नाही, पण बोलणं आटत गेलं. एका ताटात जेवून मोठे झालेले हे भाऊ "नळाला पाणी आलं काय?" "आलं" एवढ्यावर येऊन ठेपले होते. हिरीला त्याचं फार वाईट वाटायचं.

आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत एका भर दुपारी बांधावर हिरीला साप चावला. लाहू तेव्हा काकड्या भरून टेम्पो तलासरीला काढतच होता. शुक्राची हाक ऐकली आणि त्यानं काही न विचारता भरलेले क्रेट रस्त्याच्या कडेला ओतून दिले. रिकाम्या टेम्पोत हिरीला निजवलं आणि डहाणूचा दवाखाना गाठला. डॉक्टर म्हणाले, थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं. त्या काकड्या पुढे दोन दिवस आम्ही कोंबड्यांनी खाल्ल्या. गोड होत्या, खोटं कशाला बोलू?

हिरी आठवड्यानं स्वतःच्या पायांनी घरी आली आणि तिनं घरात नवीन रीत सुरू केली. ताट वाढलं की प्रत्येकानं एका गोष्टीबद्दल देवाचे उपकार मानायचे, आणि कालची गोष्ट आज चालायची नाही. पहिले दिवस सोपे गेले. पुढं शुक्राची पंचाईत होऊ लागली. एकदा त्यानं चपलेच्या नव्या अंगठ्याबद्दल उपकार मानले. भारती तर मुंग्यांपर्यंत पोचली होती. मी उंबऱ्याशी बसून भात निवताना बघायचो आणि शिताची वाट पाहायचो. पण एक सांगतो, त्या घरातली कुरकुर त्या पावसाळ्यात खरोखरच कमी झाली.

"देवाला रोज बोलता," हिरी एकदा म्हणाली, "दादांना एकदा बोला ना."

"भावाला काय थँक्यू बोलायचा?" शुक्रा म्हणाला. "परका हाय काय तो?"

"परका नाय म्हणूनच बोला."

शुक्रा हूं म्हणाला आणि बैल बांधायला गेला. असं तीन-चारदा झालं. दर वेळी त्याला काहीतरी बांधायचं असायचं.

भातकापणी झाली आणि मंडळीचा हंगामाचा सण आला. या दिवशी जो तो आपल्या पिकातलं पहिलं, चांगलं ते देवापुढं आणून ठेवतो. उपासना झाली की त्याचा लिलाव होतो आणि ते पैसे गरजूंसाठी जातात. हिरीनं नव्या भाताची पेंढी काढली. मग तिची नजर माझ्यावर आली. भारती रडली. हिरी तिला जवळ घेऊन म्हणाली, "लंगडी कोंबडी पण हाय आपल्याकडं. ती देऊ? माझा जीव वाचला त्याबद्दल लंगडी कोंबडी?" भारतीनं डोळे पुसले आणि स्वतःच माझ्या पायाला लाल रिबीन बांधली. मला काही कुणी विचारलं नाही.

मला मांडवात टेबलाच्या पायाला बांधलं. आजूबाजूला दुधी, चिकू, नारळ, अंडी. सुनिल नावाचा एक गृहस्थ येता-जाता माझी मांडी चाचपत होता. रस्सा कसा होईल याचा त्याचा हिशेब चालला होता, आणि मी टेबलाच्या पायामागं सरकत होतो. भारतीच्या आग्रहाखातर लाहूही आला होता, पण बाहेरच टेम्पोला टेकून उभा राहिला. आत ये म्हणायला कुणी गेलं नाही.

देवानं आपल्यासाठी काय केलं ते सर्वांपुढं सांगायला, म्हणजे साक्ष द्यायला शुक्रा उठला. त्यानं देवाचे उपकार मानले. डॉक्टरांचे मानले, नर्सबाईंचे मानले, प्रार्थना करणाऱ्या मंडळीचे मानले, दवाखान्यात चहा देणाऱ्या वॉचमनचेही मानले. हिरी खाली बसून त्याच्याकडे टक लावून बघत होती. बाहेर लाहूनं खिशातून किल्ली काढली.

तेवढ्यात मी आरवलो. चांगला लांबलचक, मांडव दणाणेल असा.

खरं सांगतो, उपदेशबिपदेश माझ्या मनात नव्हता. पायाला मुंगी डसली होती. पण शास्त्रात म्हणे आमच्यातला एक असाच आरवला होता, आणि 'मी त्याला ओळखत नाही' म्हणत आपल्याच गुरूला नाकारणाऱ्या एका धडधाकट गड्याला रडू कोसळलं होतं. ती गोष्ट मंडळीत पोराटोरांनाही पाठ. आधी हशा पिकला. मग शुक्राचा चेहरा उतरला.

"एक नाव राहिला," तो म्हणाला. त्यानं बाहेर टेम्पोकडं बघितलं, पण नाव घेतलं नाही. तो तसाच खाली बसला.

लिलावात माझी पाळी आली. पुकारायला योगिता होती, मोठी खमकी बाई. सुनिलनं पहिली बोली लावली. त्यावर दुसरी बोली आली ती शुक्राची!

"अरे, तूच दिलास ना हा?" योगिता म्हणाली. लोक पुन्हा हसू लागले.

"देवाला दिला तो पोचला," शुक्रा म्हणाला. "आता मला दादासाठी पाहिजे."

सुनिलनं वर केलेला हात हळूच खाली घेतला. देव त्याचं भलं करो.

मला काखेत मारून शुक्रा धावतच बाहेर गेला. लाहू टेम्पो चालू करत होता.

"दादा, उतर खाली."

"काय झाला?"

"त्या दिवशी तू काकड्या टाकल्यास. हिरी तुझ्यामुळं हाय. मी एक शब्द नाय बोललो तुला. हा घे."

"येडा झालास काय?" लाहू म्हणाला. "घरची बाई ती. माझी पण कोणतरी हाय ना?" पण त्यानं मला घेतलं, आणि बराच वेळ माझी पिसं सारखी करत राहिला. ती आधीच सारखी होती. मागून हिरी आली. "दादा, जेवल्याशिवाय जायचं नाय," म्हणाली. दोघं भाऊ पंगतीत शेजारी बसले, आणि लाहूनं दोनदा डाळ मागून घेतली. मी जन्मात इतका खूश कधी झालो नव्हतो.

आता २०१९ चाललंय. मी लाहूच्या अंगणात असतो. पाहुणे आले की त्याची बायको बायजी माझ्याकडे बघते आणि लाहू म्हणतो, "तो नाय." भारती रोज मूठभर कणी आणते. तुरा थोडा कलला आहे, पण अजून बघण्यासारखा आहे.

माझं एवढंच मागणं आहे. ज्यानं तुमच्यासाठी आपल्या काकड्या रस्त्यावर ओतल्या असतील, त्याला आजच तसं सांगा. मुंगी दर वेळी वेळेवर चावेलच असं नाही.

आणि माझं म्हणाल, तर माझं काम आता कमी झालंय. झुंजूमुंजू होतं, मी पंख झाडतो, मान ताणतो, चोच उघडतो, आणि तेवढ्यात अंगणापलीकडून शुक्राची हाक येते, "दादा, उठलास काय?"

"उठलू रे," लाहू म्हणतो. "ये चहाला."