ठिणगीची वाट पाहणारं पेट्रोल

चढ लागला की आमची फियाट ठोके द्यायला लागायची. बॉनेटखाली कुणी हातोडी घेऊन बसल्यासारखा टणटण आवाज, आणि ताकद अशी गळालेली की अक्कलकोट रस्त्यावरच्या पुलावर एक बैलगाडी आमच्या पुढे निघून गेली. मी लाजेनं तोंड लपवलं. शेजारी अव्वा मात्र गाडीला धीर देत होती.

अव्वा म्हणजे माझी आई, ईरम्मा. तिचे गुडघे गेलेले, एस.टी.ची पायरी तिला चढवत नसे. मैंदर्गीला तिची धाकटी बहीण चंद्रव्वा अंथरुणाला खिळलेली. दर अमावास्येला ही फियाट नेईल तेव्हाच दोघींची भेट. आता मिस्त्रीनं सांगितलं, पिस्टन गेलाय, इंजिन उतरवायला लागेल. झालं, अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, गाडी विकायची ठरवली आणि मैंदर्गीला तसा निरोपही धाडला. अव्वा त्या दिवशी जेवली नाही. मला अप्पांचा असा संताप आला की मी दोन दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही.

मी मराठी शिकवायचे त्या शाळेत कमलाकर सर रसायनशास्त्र शिकवायचे. गाडी बघायला त्यांना मी जवळजवळ ओढतच भवानी पेठेत आणलं.

अप्पांचं तिथं रॉकेलचं दुकान. पेट्रोलचे भाव भडकले तसे ते दुकानातल्याच डब्यांत पेट्रोल साठवायला लागले होते. सरांनी एका डब्यात डोकावून विचारलं, "गुरुबसप्पा, तळाशी काय आहे?"

"रॉकेल हाय. डबा पुरता रिकामा करत न्हाय आमी. तळाला लक्ष्मी ऱ्हावी लागते की."

"आणि त्याच्यावरच पेट्रोल ओतता?"

"मग कशावर वतायचं?"

सरांनी टिपकागद मागवला. पंपावरून आणलेल्या पेट्रोलचा थेंब टाकला; तो बघता बघता उडून गेला. आमच्या टाकीतल्या थेंबानं मात्र तेलकट डाग धरला.

मग सर सांगत गेले आणि मी तोंडाचा आ वासून ऐकत राहिले. पिस्टन पेट्रोलच्या वाफेला दाबतो, ती तापते, तरी तिनं ठिणगीची वाट पाहायची असते. ठिणगी पडली की ज्योत एका टोकाकडून शिस्तीत पसरते. पण रॉकेलला तेवढा दाब सोसत नाही. ज्योत पोचायच्या आधीच कोपऱ्यातली वाफ आपली आपण भडकते, तोच हा ठोका. पेट्रोल किती दाब सोसतं त्याचं माप म्हणजे ऑक्टेन. पंपावर त्र्याऐंशी आणि त्र्याण्णव असे आकडे मी कितीदा वाचले होते. मला वाटायचं, मोठा आकडा म्हणजे जास्त जोर. तो तर धीराचा आकडा निघाला! आम्ही मागं बसून शेंगा खात असताना त्या लोखंडात मिनिटाला हजारो वेळा कुणी दाब सोसतं, वाट पाहतं, मग जळतं. मी बॉनेटवर हात ठेवला. अंगावर काटा आला.

"सगळे डबे आणि टाकी कोरडी करा," सर म्हणाले.

अप्पा डबा धरून तसेच उभे राहिले. बापजाद्यांपासून दुकानात कुणी तळ दिसू दिला नव्हता. त्यांनी कपाळाच्या विभूतीला बोट लावलं, दारात बसलेल्या अव्वाकडं पाहिलं आणि डबा उपडा केला.

अमावास्येला पुलाचा चढ आला. मी श्वास रोखला. अप्पांनी पाय दाबला आणि गाडी वर निघाली, एकही ठोका नाही. इंजिनाचा सलग, दमदार घुमारा तेवढा ऐकू येत होता. "शिवा शिवा!" अप्पा म्हणाले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, इतकं ते मला थोर वाटलं.

मैंदर्गीत मावशी भिंतीकडं तोंड करून पडली होती. माझा खांदा धरून अव्वा खाटेपाशी पोचली आणि तिनं बहिणीच्या पाठीवर हात ठेवला.

मावशीनं तो हात चाचपला. गाडी विकायचा निरोप तेवढा तिला पोचला होता, आणि आज ठोके न देणाऱ्या गाडीचा आवाज तिला आलाच नव्हता.

"अक्का," ती रडायलाच लागली, "त्या गुडघ्यांनी तू चालत आलीस?"