बर्फ पडेपर्यंत

"आजोबा, एवढंच सांगा, पुढं काय झालं?" संगणकाच्या पडद्यावरची टोरांटोची बाई तिसऱ्यांदा विचारत होती, आणि अझारी आजोबा चहात बुडवलेला पाव शांतपणे चघळत होते.

जुलै महिना. त्यांच्याशेजारी त्यांची नात, माझी भाची डेल्फिन, घामानं भिजली होती. ती शाळेची बस चालवते, आणि अकरा वर्षं या एकाच चित्रपटामागं होती. चित्रीकरण फार लांब. आधी पटकथा लिहून घ्यायला आदिवासी निर्मात्यांना जे अनुदान मिळतं, त्याची ही मुलाखत. गोष्ट आजोबांची, शेवटापर्यंत त्यांनाच ठाऊक. आणि आम्हा क्री आदिवासींत तसल्या गोष्टी जमिनीवर बर्फ असतानाच सांगतात. उन्हाळ्यात सांगितल्या तर अंथरुणात बेडूक येतात. खोटं वाटेल, पण तरुणपणी मी एक अर्धीच सांगून बसलो. माझ्या डाव्या बुटात एक बेडूक अजून ओरडतो.

डेल्फिननं पडद्यावरच्या अनुदान समितीला सगळं समजावलं. बाईनं कागद चाळले. मुलाखती उन्हाळ्यातच घ्यायचा नियम होता. समितीतला एक जण किनाऱ्याकडचा, आमच्यासारखाच आदिवासी. तो खाली बघत राहिला. मी तोडगा काढला, म्हाताऱ्याला शहरातल्या आइस हॉकीच्या मैदानात नेऊ, तिथं बारा महिने बर्फ.

"तो यंत्राचा," आजोबा म्हणाले. "बेडकांना कळतं."

ऑगस्टमध्ये पत्र आलं. कथानक अपुरं, पुढच्या वर्षी जरूर अर्ज करावा. डेल्फिननं ते बसच्या आरशामागं खोचलं. बर्फ पडला की सगळी गोष्ट रेकॉर्ड करायची, असं आजोबांकडून कबूल करून घेतलं. मग दोघं रोज संध्याकाळी खिडकीशी बसून आभाळ बघायची.

ऑक्टोबरात आजोबा गेले. पुरलं तेव्हा माती मऊ होती. चौथ्या दिवशी बर्फ पडला.

त्या सकाळी डेल्फिन रेकॉर्डर घेऊन माझ्या दारात उभी.

"मामा, तुम्ही दर हिवाळ्यात त्यांच्याकडं बसायचात. शेवट ऐकलाय ना?"

तिथपर्यंत मी एकदाही जागा राहिलो असेन तर शपथ. पण रचायला मला कितीसा वेळ? या तळ्याकाठी त्यात माझा हात धरणारा कुणी नाही, आणि टोरांटोला काय कळणार होतं?

तिनं माझ्या तोंडावरून ओळखलं. "तुमचा नको, मामा. त्यांचा."

"नाही ऐकला गं," मी म्हणालो.

तिनं रेकॉर्डर बंद केला. मुलांना आणायची वेळ झाली होती. बसच्या काचेवरचा बर्फ तिनं उघड्या हातानं पुसला, रस्ता दिसण्यापुरताच.