डाव्या चाकाचा ड्रम

"गॅस लावून तापवा ना बाबा. नाहीतर असेच ठोकत बसाल," शेडच्या दारात खुर्ची टाकून बसलेला मुलगा म्हणाला.

"तापवून बिडाला चीर गेली, तर दुसरा ड्रम काय तुझा सासरा ओतून देणार?" उस्ताद म्हणाले.

त्यांची बायको हसली, पण तिचं लक्ष त्यांच्याकडेच होतं. दुखण्यातून उठल्यापासून उस्ताद विसरायला लागले होते. चहात मीठ, दाराला किल्ली तशीच. मुलगा परगावाहून आला होता तो शेडला कुलूप लावायलाच. तिनेच गळ घातली होती, "ही एक जुनी गाडी होऊ दे. चूक दिसली तर कुलूप मी लावीन." बोलून तर बसली होती.

गाडी वर्षानुवर्षं जागची हललेली नव्हती. मागच्या चाकांचे दोन्ही ब्रेक-ड्रम एक्सलच्या टोकांवर रुसलेल्या जावयासारखे ठाण मांडून बसले होते, आणि ते निघाल्याशिवाय एक्सल बाहेर येणार नव्हते. उस्तादांनी डाव्या ड्रमला पुलर चढवला होता. त्याच्या पायांनी ड्रम बाहेर ओढायचा, मधल्या स्क्रूने एक्सल आत रेटायचा. त्यांनी पाना फिरवला. करकर झाली, मग लोखंड ताणाने गप्प झालं. स्टूल ओढून ते ड्रमच्या बरोबर समोर बसले आणि स्क्रूवर ठोका घालायला हातोडा उचलला.

तेवढ्यात तिला रॉकेलच्या ताटलीत त्या एक्सलच्या टोकाचा नट दिसला.

हा नट पुरता कधीच काढायचा नाही. सैल करून टोकाच्या आट्यांवर ठेवायचा, म्हणजे सुटलेला ड्रम तिथेच अडतो. नाहीतर तोफगोळा. जन्मभर उस्तादांनीच लोकांना शिव्या घालून हे शिकवलं होतं.

सांगावं, तर मुलगा ऐकतोय. त्याला यंत्रातलं ओ की ठो कळत नसलं, तरी बापाचं विसरणं बरोबर कळायचं.

"अहो, माझी अंगठी!" ती ओरडली. "तुमच्या मागे घरंगळली. उठा!"

"आत्ताच पडायची होती?"

"तिला काय मुहूर्त विचारू? उठा म्हणते ना!"

दंड धरून तिने त्यांना बाजूला ओढलं. ते कुरकुरत वाकले, आणि खाड्‌कन आवाज झाला. पुलरसकट ड्रम उडाला, स्टूल उलथवून भिंतीशी रचलेल्या टायरांत जाऊन रुतला.

मुलगा ताडकन उठला. "हा असाच निघतो?"

"मग काय पाया पडून निघणार?" ती म्हणाली.

त्याने ड्रम उलटसुलट पाहिला. कुठे तडा नव्हता. "जमतंय की बाबा अजून," म्हणत तो फोनवर बोलायला बाहेर गेला.

उस्ताद ताटलीकडे बघत उभे होते. मग त्यांनी तिच्या हाताकडे पाहिलं. अंगठी बोटातच होती.

त्यांनी दिवा उचलला, गाडीला वळसा घालून उजव्या चाकाशी गेले आणि पाना तिच्यापुढे धरला.

"नट तू सैल कर. पुरता काढू नकोस."

"नाही काढत."

ती गुडघ्यांवर बसली. ते तिच्या मागे दिवा धरून उभे राहिले. त्यांच्या थरथरत्या हाताबरोबर उजेड ड्रमवरून सरकत होता, परत येत होता. नीट धरा, असं ती एकदाही म्हणाली नाही. उजेड नटावर आला, की तेवढ्यात ती पाना फिरवून घेत होती.