देणगीदारांचा रकाना

"घेतच नाही साहेब," हिशेबनीस म्हणाले. पडद्यावर पुन्हा तीच लाल ओळ आली होती: देणगीदाराचा करदाता क्रमांक भरा.

वृद्धाश्रमाचं रिटर्न भरायचा आज शेवटचा दिवस होता आणि सॉफ्टवेअर देणग्यांच्या पानावर अडून बसलं होतं. लिफ्टसाठी आलेली सगळ्यात मोठी रक्कम कुणा शेठजींची नव्हती. आश्रमातल्या आयांनी ती वर्षभर पगारातून दिली होती. म्हाताऱ्यांना जिन्यावरून उचलून नेता-नेता त्यांच्या कमरेचे तुकडे पडायचे. पैसे द्या म्हणून त्यांना गळ घातली होती ती हिशेबनिसांनीच. त्यांची बायकोही तिथेच आया, तिच्यापासूनच सुरुवात केली. "सरकारी कागदावर एकेकीचं नाव लागेल, शिक्क्याची पावती मिळेल," असं छातीठोकपणे सांगितलं. क्रमांकाचं मात्र डोक्यातच आलं नाही. कर बसावा एवढा पगार आयांना कधी मिळालाच नव्हता, मग क्रमांक असणार कुठून?

"निनावी दाखवा," आश्रमाचे अध्यक्ष म्हणाले.

"निनावी देणगीवर कर बसेल. चार दिवस द्या, सगळ्यांचे क्रमांक काढून आणतो. उशिराचा दंड भरू."

"दंड कोण भरणार, तुम्ही?" अध्यक्ष हसले. "माझं नाव टाका. माझा क्रमांक आहेच तुमच्याकडे."

"पण साहेब, पैसे त्यांचे आहेत."

"अहो, त्यांना करसवलतीचा काय उपयोग? उगाच वाया जायची. पावती माझ्या घरी पाठवून द्या. आणि हो, तुमच्या नोकरीच्या मुदतवाढीचा विषय परवा बैठकीत आहे. मी बोलतो."

शेवटचं वाक्य ते अगदी मायेने बोलले. केसाने गळा कापावा तर असा. हिशेबनिसांनी नाव टाकलं. हिरवी खूण आली आणि पाठोपाठ अध्यक्षांच्या नावाची पावती छापून बाहेर पडली. स्वतःचीच शिसारी आली, तरी त्यांनी ती पाकिटात घालून शिपायाकडे दिली.

संध्याकाळी घरी आले तर बायको कमरेला गरम पाण्याची पिशवी लावून बसली होती.

"नावं लागली का हो?"

"लागली ना. सगळ्यांची."

तिने पिशवी जरा वर सरकवली. "शिपायाने पाकीट माझ्याच हाती दिलं. म्हणाला, ताई, तुमच्या वाटेवरच साहेबांचं घर आहे. पाकीट उघडंच होतं, वाचली मी पावती."

हिशेबनिसांच्या तोंडचं पाणी पळालं. "अगं, नोकरीचा प्रश्न होता."

"मी कुठे काय म्हणतेय? बाकीच्या जणी फाटकाशी थांबल्या होत्या. त्यांना सांगितलं, लागली नावं. नाहीतर तुम्हाला उद्या तोंड दाखवायला जागा राहिली नसती." ती कशीबशी उठली. "आता पावत्या मागायला त्या तुमच्याकडेच येतील. तेव्हा माझ्याकडे बघू नका."

तिने त्यांचं ताट वाढलं. मग स्वतःचं घेऊन ती आतल्या खोलीत गेली आणि तिथेच जेवली.