सिटीझन स्थळ

रविवारी सकाळी सुचित्राने थालीपिठं थापायला घेतली आणि ओळखीतल्या प्रतिमाताई स्थळ घेऊन हजर झाल्या. कुणासाठी? बारावी होऊन जेमतेम महिना झालेल्या तिच्या लेकीसाठी, नेत्रासाठी!

"मुलगा तेहतीसचा आहे, पण सिटीझन आहे हो! लग्न करून ग्रीन कार्डाला अप्लाय केलं की झालं. मग नेत्राला लोकल फी."

नवरा, चंद्रशेखर, खाली मान घालून बसला होता. म्हणजे त्यानेच फीचं रडगाणं यांच्या कानावर घातलं होतं तर!

दहा वर्षांची असताना नेत्रा अमेरिकेत ट्रॉयला आली. इथल्याच शाळेत पहिली आली. बापाने मिशिगनमध्ये आठ वर्षं निमूट टॅक्स भरला. पण पोरगी पडली व्हिसावरची, म्हणून सरकारी युनिव्हर्सिटीने तिला परदेशी ठरवून तिप्पट फी सांगितली. शेजारच्या मैत्रिणीला मार्क कमी, तरी फी लोकल. का, तर ती इथे जन्मली. जळला मेला तो नियम!

"हे नुसतं पेपरवरचं लग्न ना?" चंद्रशेखरने चाचरत विचारलं.

"छे! खरंखुरं. मुलाच्या आईवडिलांना वर्षभरात नातू हवाय. हुंडा नको, मानपान नको. याहून चांगली डील कुठे मिळणार?"

सुचित्राला शिसारी आली. नवरा आता या बाईला दार दाखवेल, असं तिला वाटलं. तो म्हणाला, "भेटायला काय हरकत आहे? आपण कमिट थोडंच करतोय."

नेत्रा जिन्यात उभी राहून सगळं ऐकत होती. "बाबा, अ बेबी इन अ इयर? मग मी क्लासला कधी जाणार?"



"प्रतिमाताई, उठा," सुचित्रा म्हणाली. "पुन्हा असलं काही घेऊन या घरात येऊ नका." मग ती नवऱ्याकडे वळली. "अहो, हुंडा घेणार नाही म्हणून तुम्ही वडिलांशी भांडला होतात. त्याच माणसाशी मी लग्न केलं. आज फी वाचवायला पोटची पोर देऊन टाकताय? लाज नाही वाटत?"

"मग करू काय? नियम माझ्या हातात आहे का?"

"नाही ना? मग भांडू. उद्या मी आणि नेत्रा युनिव्हर्सिटीत जातो. अशा आणखी कितीतरी पोरी असतील इथे, त्यांच्या आयांनाही बोलावते."

"आणि नाहीच ऐकलं तर?"

"तर हिला घेऊन मी नागपूरला जाते. तिथे शिकेल ती. तुम्ही राहा इथे, आणि व्हा सिटीझन!"